मेणाखालचा पांढरा रंग

कुवेतमध्ये मी आठ वर्षं नर्स होते. तिथल्या एका युक्रेनच्या सहकारिणीने मला ईस्टरची अंडी मेणाने रंगवायला शिकवलं. शिकायला मला दोन संध्याकाळी पुरल्या. परत आले त्या वर्षी मी आमच्या चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की यंदा वस्तीतल्या प्रत्येक मुलाला रंगीत अंडं मिळेल. मुलं चाळीस होती. मला मुळीच भीती वाटली नाही.

आमची वस्ती रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. नवरा अजून कुवेतलाच होता, घरी मी आणि सासरे. सासरे, म्हणजे बाबा, तांडेल होते, मासेमारीच्या होडीचे प्रमुख. गुडघे गेले तशी त्यांनी होडी दुसऱ्याच्या हाती दिली आणि पडवीत बसू लागले. मी अलिबागकडची. वस्तीची जुनी, पोर्तुगीज वळणाची बोली मला येत नसे, म्हणून ते माझ्याशी मराठीत बोलत, तेही मोजकंच.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी मी अंडी उकडली आणि गार करायला परातीत काढली. पेन्सिलीच्या मागच्या रबरात टाचणी खोचली, तिचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवून पांढऱ्या अंड्यावर रेघा ओढल्या. मग अंडं पिवळ्या रंगात सोडलं. जिथे मेण तिथे रंग चढत नाही, खालचा पांढरा तसाच राहतो. पिवळ्यावर पुन्हा मेण, मग लाल. शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण पुसलं, की नक्षी उघडी पडते.

पहिलं डझन पुसलं आणि माझा चेहरा उतरला. नक्षी होती, पण लाल रंगभर फिकट डाग, कोड उठल्यासारखे. रंग बदलून पाहिला, रंग धरायला त्यात घालतात ते व्हिनेगर वाढवलं. तेच.

बाबा उठून आले. त्यांनी एक अंडं उजेडात फिरवलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं.

"तेल लागलंय," ते म्हणाले. "मीच लावलं. चकाकतील म्हणून परातीतली सगळी खोबरेलाने पुसली सकाळी."

मला राग आला होता, पण त्यांनी तो बाहेर पडायला वेळच दिला नाही. होडीच्या फळीला तेलाचं बोट लागलं तरी रंग धरत नाही, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. अंड्याच्या बाबतीत सुचलं नाही इतकंच, असं ते म्हणाले. उरलेली अंडी त्यांनी स्वतः साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली, फडक्यावर मांडली. डागाळलेलं डझन रविवारच्या रश्शासाठी बाजूला ठेवलं आणि मी दुकानातून नवं डझन आणून उकडलं.

दुपारी वेळ कमी पडू लागला तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली. मी दिली, मनात म्हटलं, दोन अंडी जातील. त्यांनी टाचणी मेणात बुडवली आणि अंड्यावर जाळ्याचं एक घर काढलं, त्याला लागून दुसरं, तिसरं. वर्षानुवर्षं जाळी विणलेला हात. एकही घर लहानमोठं झालं नाही. माझी फुलं त्यापुढे शाळकरी दिसत होती, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

"तुझी फुलं पण चांगली हायत," ते म्हणाले. "पण मी जाळीच काढीन."

संध्याकाळपर्यंत चाळीस झाली. त्यांतली सतरा त्यांची होती.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर मुलांनी आधी जाळीवालीच उचलली. बाबा टोपली धरून दाराशी उभे होते, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, गुडघ्यांचं नाव न काढता. एका चिमुरडीने त्यांचं सगळ्यात सुबक अंडं घेतलं, लगेच पायरीवर आपटून सोलायला लागली. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी पुढे झाले. पण ते तिच्याकडे वाकून विचारत होते, मीठ हवं का.