पोळ्याच्या दिवशीची साखर

विष्णुपुरीकडच्या एका फार्मसी कॉलेजात मी एम.फार्म. करत होते. प्रबंधाचं काम सांगायला सोपं होतं: मधुमेही उंदरांत इन्सुलिनचं काम किती मंदावतं, ते मोजायचं. दोन महिने चरबीचं खाणं घालून अर्धे उंदीर मधुमेही केले होते, अर्धे निरोगी ठेवले होते. चाचणीच्या दिवशी सगळ्यांना सकाळपासून उपाशी ठेवायचं, दुपारी इन्सुलिन टोचायचं आणि शेपटीतल्या थेंबभर रक्तावर साखर कशी उतरते ते बघायचं.

मी दिवस निवडला पोळ्याचा. कॉलेज रिकामं, कुणाची कटकट नाही. मुखेडच्या शेतकऱ्याची पोर असून एवढी अक्कल चालली नाही.

दुपारी मधुमेही उंदरांची साखर जागची हलेना. मी हरखले. एवढा ठळक निकाल! पण निरोगी उंदरांचीही उतरेना, तेव्हा काहीतरी चुकलंय हे कळलं. पिंजऱ्यातला भुसा चाळला, तर पुरणाचे कण.

जनावरघर सांभाळणाऱ्या मामांनी काही लपवलं नाही. "पोळ्याच्या दिशी मुक्या जनावराला उपाशी ठेवतेत व्हय, मॅडम? घास घास पोळी चारली." माझा पारा चढला. तोंडाला येईल ते बोलले.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "मधुमेही गटाचे आकडे हवे तसेच आलेत. ते ठेव, निरोगी गट तेवढा परत कर. दोन्ही करत बसलीस तर प्रबंध द्यायची तारीख हुकेल आणि पुढच्या परीक्षेपर्यंत तुझे सहा महिने जातील."

"जाऊ द्या, सर. दोन्ही परत करते."

घरून लग्नाचा तगादा होता, मैत्रिणी नोकरीला लागल्या होत्या. पण पोळी खाल्लेल्या उंदरांच्या आकड्यांवर मी पदवी घेणार नव्हते.

पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी लावली. आदल्या दिवशी मामांना शेजारी बसवून समजावलं, की पोटात अन्न असलं तर साखर चढती राहते आणि इन्सुलिनचं काम दिसत नाही. या वेळी दोन गटांत फरक आला, पण सरांना हवा होता त्यापेक्षा बराच कमी. तोच लिहिला. पोळ्याची चाचणी का बाद केली, तेही लिहिलं. सर म्हणाले, "ते पान काढ." नाही काढलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. टेबलावर चहा ठेवत असलेले मामा जागीच थांबले.

"उपाशी जनावरांना चारलं? चूक कुणाची?"

"माझी, सर," मी म्हणाले. "त्यांना उपाशी का ठेवायचं, हे मी सांभाळणाऱ्या माणसाला तोवर सांगितलंच नव्हतं."