भाऊजींचे तिरके खांब

माझ्या थोरल्या दिरांइतका रागीट माणूस नव्वदच्या दशकातल्या जपानात दुसरा नसावा. असलाच, तर तो दारं-खिडक्या लावून रागवत असेल. भाऊजी उघड्यावर रागवत. टोकियोजवळ इचिकावातल्या आमच्या घरी आले की बूट काढायच्या आधी त्यांची नजर कपाटांवर जाई. "हे अजून भिंतीला बांधलं नाहीस? कोबेच्या भूकंपात काय झालं ते पाहिलंस ना?" असं ओरडत त्यांनी आमची कपाटं, टीव्ही आणि एका रविवारी, माझी आरती चालू असताना, देव्हारासुद्धा भिंतीला आवळून टाकला. देवाला नमस्कार त्यानंतर केला.

पेशाने ते स्ट्रक्चरल इंजिनियर. टोकियोतल्या त्यांच्या कंपनीकडे तेव्हा एका पर्यावरणस्नेही ऑफिस इमारतीचं काम होतं. गच्चीवर बाग, संडासात पावसाचं पाणी, दिवसा दिवे लागू नयेत म्हणून चहूकडे काचा. त्या काचांमागून भाऊजींचे पोलादी तिरके खांब जायचे होते, भूकंपात इमारतीला धरून ठेवणारे. आर्किटेक्टला ते दर्शनी बाजूला नको होते. उजेड अडतो म्हणे. तिथली रीत अशी, की नकार द्यायचा तो आधी एकेकाला गाठून, हळूच. मीटिंगमध्ये फक्त माना डोलवायच्या. भाऊजींनी गिऱ्हाइकासमोर टेबलावर मूठ आपटली. "दिवे वाचवता आणि माणसं मारता? इमारत पडली की पुन्हा लागणारं सिमेंट, पोलाद कुठल्या झाडाला लागतं हो? उभी राहील तीच हिरवी इमारत!"

कुणी वाद घातला नाही. थोड्याच दिवसांत खांब मंजूर झाले आणि भाऊजींचं कंत्राट संपवलं गेलं. त्यांचं म्हणणं मान्य करून त्यांनाच हाकलणाऱ्या, निरोप देताना कमरेत वाकणाऱ्या त्या साहेबांचा मला आजही संताप येतो. एकाने तरी तोंड उघडायचं होतं! भाऊजी पुण्याला परतले.

पुढे त्याच इमारतीत मला अर्धवेळ काम मिळालं. एका दुपारी भूकंपाचा मोठा धक्का बसला. काचा थरथरल्या, चहा सांडला, आणि थोड्या वेळाने सगळे पुन्हा कामाला लागले. मी घरी येऊन पुण्याला फोन लावला. "भाऊजी, भूकंपात तुमच्या इमारतीला काही झालं नाही!"

"व्हायचंच नव्हतं! तू टेबलाखाली बसलीस की नाही?" ते खेकसले. मग आवाज एकदम उतरला. "उजेड येतो का गं तिथे?"

"भरपूर येतो, भाऊजी."

"बरं झालं," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचं ते न रागावणं मला ऐकवेना.