शिटी वाजायच्या आधी

मी डूख धरणारी बाई आहे. कुणी माझं वाकडं केलं तर मी विसरत नाही, आणि "जाऊ द्या ना आता" म्हणणाऱ्यांचा मला आणखीच राग येतो. का जाऊ द्यायचं? गेलं ते माझं गेलं, तुमचं काय गेलं? ही गोष्ट एका आवाजाची आहे. आमच्या भागात कबड्डीचे सामने माइकवरून सांगणाऱ्या माणसाचा आवाज. आयुष्यात मला सगळ्यात जास्त आवडला तो आवाज, आणि मी सगळ्यात जास्त शिव्याही त्यालाच घातल्या.

माझं माहेर पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजूला. धान पिकवणारं गाव. बाबांना क्रिकेटचं वेड होतं, पण ते रेडिओवरच्या क्रिकेटचं. कापणीच्या दिवसांत बांधावरच्या पळसाला ट्रान्झिस्टर लटकवलेला असे. खरखर वाढली की मला एरिअल धरून उभं करत. हिंदी समालोचक बोलू लागला, "और गेंद हवा में... गेंद हवा में...", की बाबांचा विळा तिथल्या तिथे थांबायचा. चेंडू सीमेपार गेला की विळ्यासकट हात वर. मग इंग्रजी बोलणाऱ्याची पाळी आली की म्हणायचे, "साहेब लोक आले, चहा आण." त्या आवाजांवर माझाही फार जीव होता. ते दमले, ते हसले, त्यांच्या तोंडचा शब्द अडखळला, सगळं मला कळायचं.

पुढे घरात टीव्ही आला. बाबा टीव्हीकडे पाठ करून बसायचे. मी विचारलं, "बाबा, काहून असे बसता?" म्हणाले, "पाहून काय होते? तो सांगते ना!" हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या बापासाठी सांगणारा जे सांगेल तेच घडलेलं असायचं. डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

आणि गावात सांगणारा होता तो, त्या आवाजाचा माणूस. मी त्याला काका म्हणायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, जत्राच ती, आणि मंडई आटोपली की शाळेच्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं रेषा मारून कबड्डीचे सामने. माइक काकाच्या हातात. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, गळ्यात दुपट्टा, आणि तोंडातून काय काय निघायचं बाप्पा! कुणी पाय धरला की, "धरला तं असा धरला, जशी गोचिड म्हशीले!" चढाईला गेलेला गडी नुसता लांबूनच झुलत राहिला की, "हा चढाई करून राहिला का नवरी पाहून राहिला?" घसरून पडला की, "पडला रे, धानाच्या भरल्या बांधीत पडला!" माणसं पोट धरून हसायची. मी घरी लाटणं तोंडापुढे धरून त्याच्यासारखं बोलायची. खोटं कशाला सांगू, मला मोठेपणी तोच व्हायचं होतं.

खेळायचीही मी चांगलं. बुटकी होते, पण चपळ. शाळेत वरच्या वर्गात होते तेव्हा आमच्या गावच्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या. शेवटची चढाई माझी. दोन्हीकडे गुण बरोबरीत. मी गेले, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला आणि परत फिरले, तर एकीनं माझा घोटा पकडला. मी पालथी पडले. दम अजून चालू, तोंडात कबड्डी कबड्डी, आणि हात लांबवला तो थेट मधल्या रेषेवर. बोटं फक्कीत रुतली. मी आले होते. सामना आम्ही जिंकला होता.

पंचानं शिटी तोंडाला लावली होती, वाजवली नव्हती. तेवढ्यात भोंगा गरजला, "गेली रे गेली! पोट्टी गेली! घरी भात रांधाले गेली!"

आमच्याकडच्या गावसामन्यांची एक रीत आहे. नियमानं निकाल पंचाचा. पण गर्दी एवढी, गलका एवढा, की शिटी कुणाच्या कानी पडत नाही. कानी पडतो तो भोंगा. भोंग्यावर एकदा "गेली" म्हटलं की लोक नाचायला लागतात, आणि पंचालाही त्याच लोकांत राहायचं असतं. म्हणून माइकवर बोललं ते झालं. त्या दिवशीही सगळं मैदान हसलं, पंचानं मंचाकडे पाहिलं, आणि समोरच्या संघाच्या बाजूनं हात वर केला. मी रेषेवर पडलेली, बोटं पांढरी, आणि माणसं हसून राहिलेली.

काका मंचावर बसायचा, रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याला माझा हात दिसलाच नसणार. पण त्याला एक झकास वाक्य सुचलं होतं, आणि सुचलेलं वाक्य त्याला गिळवलं नाही. एवढ्यासाठी माझा सामना गेला.

मी पळत घरी आले. बाबा अंगणात होते. भोंगा आमच्या अंगणापर्यंत सहज ऐकू यायचा, त्यामुळे ते मैदानावर कधी जायचेच नाहीत. मी बोटं दाखवली, "बाबा, मी आली होती! हे पाहा, फक्की." ते बोटांकडे पाहून म्हणाले, "फक्की तं साऱ्या मैदानात आहे." मी म्हटलं, "तुमची शपथ, मी आली होती." तर म्हणाले, "मंग तो माइकवर तसा कायले बोलला असता?"

झालं. पोटच्या पोरीपेक्षा भोंगा खरा. आणि वर, "आता पुरे खेळणं. गावभर हसं झालं." माझी कबड्डी त्या अंगणात संपली.

ते वाक्य मात्र संपलं नाही. दुसऱ्या गावांच्या समालोचकांनी ते उचललं. मुलगी बाद झाली की, "गेली भात रांधाले!" बाजारात मला पाहून पोट्टे ओरडायचे. आणि कळस म्हणजे, लग्न होऊन एकोडीकडच्या सासरी गेले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, तर वऱ्हाडातला कुणी तरी टवाळ म्हणाला, "आली रे आली, भात रांधाले आली!" त्याला ठाऊकही नव्हतं ते माझ्यावरूनच निघालंय. सगळे हसले. मीही हसले, नवरीला दुसरं काय करता येतं? पण मनात म्हटलं, काका, एक दिवस तुझ्याच तोंडून, त्याच मैदानावर, त्याच माइकवर "आली होती" म्हणायला लावीन. आणि माझा बाप ते अंगणात बसून ऐकेल. त्याशिवाय मी मरायची नाही.

त्या हट्टावर मी जगले, असं म्हटलं तरी चालेल. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायांचं मी समालोचन करायची. "डाव्या बाजूनं काकू पुढे निघाल्या, मागून मामी जोर लावून राहिल्या, आणि हे काय, मामींची चप्पल चिखलात!" बाया हसून हसून कंबर धरायच्या. मग एकदा गावात महिलांचे खेळ होते, सांगणारा आलाच नाही, आणि कुणीतरी माझ्या हातात माइक कोंबला. तेव्हापासून तो सुटला नाही. आता सासरच्या बाजूला, साकोलीकडे कुठंही सामने असले की मला बोलावतात. पोरं स्टँडवर मोबाइल लावून लाइव्ह दाखवतात, आणि पुण्यामुंबईला गेलेले आमचे लोक तिकडून ऐकतात. माझ्या बोलण्यात काका पुरता भरलेला आहे. तोच हेल, तीच थांबण्याची जागा. चोरलंय मी त्याचं सगळं, आणि चांगलंच केलं. एकच गोष्ट मी त्याची घेतली नाही. शिटी वाजल्याशिवाय मी निकाल बोलत नाही. लोक कितीही ओरडोत.

गेल्या हिवाळ्यात माहेरच्या मंडळाचा फोन आला. "ताई, यंदा माइकवर तुम्हीच पाहिजे. आणि काकांचा सत्कार ठेवला आहे. त्यांचा परिचय तुम्हीच करून द्या, गावची लेक आहात."

मी फोन ठेवला आणि एकटीच हसले. देव असा आयता घास देतो कधी कधी! नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, माहेरी जायचं आहे." कोणतं लुगडं नेसायचं इथपासून कुठल्या शब्दाला थांबायचं इथपर्यंत सगळं मी मनात घोकलं. त्याला बोलतं करायचं, हसवायचं, गाफील ठेवायचं, आणि मग धरायचं, गोचिडीसारखं.

मैदानावर पोचले तर तो पहिल्या खुर्चीत. वाळला होता. ऊन असून गळ्याला मफलर गुंडाळलेला. मंडळाचा अध्यक्ष कानाशी लागला, "गळ्याचं ऑपरेशन झालं त्यांचं. खर्रा भोवला. आता आवाज निघत नाही."

माझ्या अंगाची आग आग झाली. दया आली असती तर बरं दिसलं असतं, पण नाही आली. मला वाटलं, मेल्यानं आवाजच घालवून टाकला! ज्या आवाजानं "गेली" म्हटलं त्याच आवाजानं मला "आली" पाहिजे होतं, आणि हा बसलाय मुका होऊन, वरून शाल घ्यायला. असं सुटू देऊ याला?

सामन्याआधी सत्कार होता. मी माइक घेतला आणि काकाची एकेक वाक्यं म्हणायला लागले, त्याच्याच हेलात. गोचिडीचं म्हटलं, मैदान हसलं. नवरी पाहण्याचं म्हटलं, म्हाताऱ्यांनी टाळ्या दिल्या. काकाचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण हसत होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. क्षणभर मलाही भरून आलं, कारण बाबांच्या त्या रेडिओइतकंच हेही माझं बालपण होतं. मग मी म्हटलं, "आणि काकांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य?" उत्तर मैदानानंच दिलं, लेकराबाळांसकट, एका सुरात, "भात रांधाले गेली!"

मी हशा ओसरू दिला. मग म्हटलं, "ते पोट्टी मी होती."

मी थांबले नाही. "माझी बोटं रेषेवर होती. पंचाची शिटी वाजली नव्हती. काका, तुम्ही शिटीच्या आधी बोलले. आज साऱ्या गावासमोर सांगा, मी आली होती का गेली होती?" आणि मी माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

तो बोलू शकत नाही हे मला माहीत होतं. माहीत असूनच धरला. भोंग्यातून नुसता श्वास आला, घरघर, फाटक्या भात्यासारखी. अख्ख्या गावानं ती ऐकली. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला कोण जाणे, मी वाचायचा प्रयत्न केला नाही. आपलं म्हणणं भोंग्यावर जात नाही म्हणजे काय असतं, ते कळू दे म्हटलं जरा. मग माइक परत घेतला आणि त्याच्याच आवाजात, त्याला जमला असता तसा सूर ताणून म्हटलं, "आली रे आली! पोट्टी आली! बोटं पाहा बोटं, फक्कीत रुतली! सामना आपल्या गावचा!"

आणि मैदानातल्या पंचानं, जो तेव्हा जन्मलाही नसेल, जोरात शिटी फुंकली आणि आमच्या गावच्या बाजूनं हात वर केला. माइकवर बोललं ते झालं. लोक नाचले. अध्यक्ष पुटपुटला, "ताई, सत्काराच्या दिवशी असं बरं दिसत नाही." म्हटलं, "माझ्यावर हसताना बरं दिसलं होतं का?" काका शाल मांडीवर घेऊन बसून राहिला. त्यानं टाळी वाजवली नाही. माझ्याकडे मात्र एकटक पाहत होता, आणि मीही नजर खाली घेतली नाही.

सामने आटोपून घरी आले. भाऊ-भावजय अजून मैदानावरच होते. बाबा अंगणात खाटेवर, एकटेच. आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. मला पाहून उठून बसले. चेहरा नुसता फुललेला.

"आयकलं का वं," म्हणाले, "तू खरंच आली होती! सामना आपला होता!"

मी उभीच राहिले. "कोण सांगतलं तुम्हाले?"

"माइकवर सांगतलं ना."

"माइकवर मीच होती, बाबा."

"हो, तूच होती. मस्त बोलली. पण माइकवर सांगतलं म्हणजे खरंच असन."

हेच माझं तोंड. ह्याच अंगणात, ह्याच तोंडानं, पांढरी बोटं पुढे करून सांगितलं होतं, शपथ घालून. माहेरपणाला आले तेव्हा तेव्हा सांगितलं. तेव्हा नाही पटलं. मधे एक भोंगा आला, आणि पटलं. काकावरचा माझा राग त्या मैदानावर थोडा तरी निवला होता. तो सगळा उठला आणि बापाकडे वळला. रडू येत होतं, पण मी रडले नाही.

बाबांनी हसत हसत पोटावर हात फिरवला. "चाल, भूक लागली. भात टाक."

"तुम्हीच रांधा," मी म्हटलं आणि त्यांच्या खाटेवर बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठी टेकत उठले आणि आत गेले. तांदळाचा डबा कुठं असतो ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.