सगळ्यांच्या फोनवर ऑफिसचं मेल

हेल्पडेस्कवर बसणाऱ्या माणसाकडे किस्से साचतात ते घरातल्या जुन्या चार्जरांसारखे. कुठल्या फोनचे ते आठवत नाही, पण फेकवतही नाहीत!

आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात फर्मान निघालं की ऑफिसचं मेल प्रत्येकाच्या फोनवर आणि टॅबवर जोडायचं. जोडणारे आम्ही दोघं. एक मी, मेशराम, मूळचा भंडाऱ्याचा, आणि दुसरा पहाडातल्या पौडीचा रावत. रावत पर्मनंट, मी तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. मॅनेजर आहुजा मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, "मेशराम, ये काम ठीक से निपटा दो, तुम्हारा पर्मनंट का लेटर पक्का. गडबड हुई तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी."

मला ते लेटर हवंच होतं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांची नोकरी' या रकान्यात एकदा तरी न अडखळता लिहायचं होतं. आणि गडबड निदान माझ्या हातून होणार नाही, याची मला पक्की खात्री होती!

*

नियम असा की मेल हवं तर फोनला सहा आकडी पासकोड हवा. तो कसा टाकायचा हे दाखवायला मी मोठी मीटिंग घेतली. प्रोजेक्टर लावला, माझाच फोन जोडला आणि आकडे टाकून दाखवले. टाळ्याही पडल्या.

आठवड्याभराने रावत कँटीनमध्ये टेबलावरचे फोन एकेक करून उघडून दाखवायला लागला. पाच जणांचे पाच फोन, पासकोड एकच! सगळ्यांनी पडद्यावर दिसला तो आकडा इमानदारीत उतरवून घेतला होता. सहावा फोन माझा. तोही उघडला.

मी तातडीने हुकूम काढला, सगळ्यांनी पासकोड बदला. दुपारी स्टोअरचे गुप्ताजी दारात हजर.

"बदल देंगे मेशराम जी, बिल्कुल बदल देंगे. आप बस नया वाला बता दो!"

*

परचेसच्या तनेजांचं खातं रोज सकाळी साडेआठला लॉक व्हायचं. चुकीचा पासवर्ड पाच वेळा पडला की सर्व्हर दार लावून घेतो. मी तनेजांचा पासवर्ड बदलला, फोन बदलला, लॅपटॉप बदलला. 'बाहेरून हल्ला होत आहे' असा दोन पानी रिपोर्टही मॅडमना दिला. नकाशासकट!

शेवटी रावतने तनेजांच्या खात्याला जोडलेल्या फोनांच्या यादीत एक जुना फोन दाखवला. तनेजा म्हणाले, "अरे, वो तो मम्मी को दे दिया था, पानीपत में." मम्मी रोज पूजा आटोपली की साडेआठला फोन चालू करायच्या, आणि तो बिचारा जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत बसायचा. माझा हल्लेखोर तो हाच.

मी मम्मींना फोन करून सांगितलं की त्यावरचं ऑफिसचं मेल काढायचंय.

"हटा दो बेटा. वैसे भी महीने भर से चिट्ठियाँ आनी बंद हैं. बस इतना बता दे, वो बख्शी की छुट्टी पास हुई कि नहीं?"

*

रविवारी आम्ही काही मराठी मंडळी राजधानीत कोपर्निकस मार्गावर जेवायला जमतो. त्यातले वानखेडे साहेब एका सरकारी खात्यात मोठ्या पदावर आहेत. त्यांच्या टॅबवर वर्षभर मेल बंद होतं. हे कळल्यावर माझ्यातला समाजसेवक जागा झाला! मठ्ठा येईपर्यंत मी ते चालू करून दिलं आणि कौतुक ऐकायला जरा पुढे सरकून बसलो.

साहेब टॅबकडे बघतच राहिले. "मेशराम, आधी मेल प्रिंट व्हायचं, मग फाइलला लागायचं, मग माझ्यापर्यंत यायचं. चार दिवस मिळायचे विचार करायला. आता मी मेल उघडलं की समोरच्याला कळणार?"

"हो सर, लगेच!" मी उत्साहात म्हणालो.

पुढच्या रविवारी मला येताना पाहून साहेबांनी आधी टॅब पिशवीत घातला.

"या मेशराम, निवांत जेवा. कशालाही हात लावू नका."

*

बायको प्रज्ञा शाळेत शिकवते. दुरुस्तीहून आल्यापासून तिच्या फोनवर शाळेचं मेल उघडेना. मी अख्खी सकाळ घालवली आणि निदान केलं, "तुमच्या शाळेचा सर्व्हरच बेकार आहे."

मुलगी ऋचा सातवीत. तिने फोन हातात घेतला. "बाबा यार, मम्मीच्या फोनमध्ये तर डेट ही पिछले साल की आहे."

तारीख बदलली. मेल धडाधड आलं.

प्रज्ञा म्हणाली, "अहो, ऑफिसात तुम्हाला नक्की कशासाठी ठेवलंय?"

"अजून कुठे कायम ठेवलंय!"

*

शेवटी फक्त बडे साहब राहिले, आमचे डायरेक्टर. माझी एक पद्धत आहे. मोठ्या माणसाच्या फोनला हात लावण्याआधी त्यांचं खातं माझ्या फोनवर जोडून बघायचं, चाललं की मग त्यांच्या फोनवर. घाम कमी येतो! साहेबांनी दोन्हीकडे पासवर्ड टाकला, मेल आलं, यादी पूर्ण झाली. मॅडम म्हणाल्या, "लेटर तैयार है, बस साहब के साइन बाकी हैं."

सोमवारी साहेबांचा फोन हरवला. "कैब में रह गया! बोर्ड के सारे कागज हैं उसमें. अभी के अभी उड़ाओ!"

हरवलेला फोन आम्ही जागेवरून पूर्ण कोरा करू शकतो. साहेबांच्या खात्यापुढे दोन फोन दिसत होते. घाईत वरचा निवडला, बटण दाबलं, आणि दहा सेकंदांत काम फत्ते! "उड़ गया, सर!" मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी रावतकडे नुसतं बघितलं.

जागेवर आलो तर टेबलावर माझाच फोन, नुकताच खोक्यातून काढल्यासारखा कोरा, मला निरनिराळ्या भाषांत नमस्कार करत होता. ऋचाचे लहानपणचे फोटो, आईचे भंडाऱ्याहून आलेले व्हॉइस मेसेज, सगळं गेलं.

अर्ध्या तासात साहेबांचं बोलावणं. त्यांचा फोन कॅबमध्ये नव्हताच, केबिनमधल्या सोफ्याच्या फटीत सापडला होता. साहेब त्यावर एकेक फोटो सरकवून बघत होते. मॅडम माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या.

"मेशराम, तुमने तो कहा था उड़ गया?"

मी माझा फोन टेबलावर ठेवला. "सर, उड़ा तो है."

साहेबांनी त्या फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. तीन वर्षं पाण्यात गेली असं मी मनात धरलं.

"आहुजा, इसका लेटर कहाँ है?"

"आपके मेल में है, सर," मॅडम हळूच म्हणाल्या.

साहेबांनी आपला फोन उचलला, चष्मा लावला, बोट फिरवून सही केली.

"जाओ मेशराम, भेज दिया. फोन पे देख लो!"