टोकदार अक्षरांचे मामा

कर्जतच्या बसस्थानकासमोर गाड्यांवर चिकटवायची रेडियमची अक्षरं कापून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात.

परिसरातल्या ट्रॅक्टरांवरची टोकदार अक्षरं बहुतेक त्यांचीच. त्यांत गोलाई नावालाही नसते. 'व' म्हणजे काठीला टेकवलेला त्रिकोण. ती अवकाशयानावर जास्त शोभली असती. मी कारण विचारलं.

"पोरान्ला उडायचं असतं," मामा म्हणाले. "आन् सरळ रेघ ब्लेडनं पटकन कापती."

मध्यंतरी एका गावाने रुग्णवाहिका घेतली. सरपंचांना तीच अक्षरं हवी होती. मामांनी गावाचं नाव आणि ड्रायव्हरचा मोबाईल नंबर त्याच ढंगात चिकटवला. मग रस्ता ओलांडून ते चहाच्या टपरीवर गेले.

"आक्का, त्यो नंबर वाचा बरं."

टपरीवाल्या आक्का वाचत गेल्या, मामा मोबाईलवर दाबत गेले. फोन भलत्याच माणसाने उचलला. आक्कांनी सहाचा आठ वाचला होता.

मामांनी सगळे आकडे उचकटले आणि साधे, गोल कापले.

"लई जुनाट दिसतंय, मामा," सरपंच म्हणाले.

"पेशंटची आई डिझाइन बघनार हाय व्हय?"

मामा पुन्हा टपरीवर गेले. आक्कांनी पुन्हा वाचलं. ड्रायव्हरच्या खिशात फोन वाजला. तो समोरच उभा होता, तरी त्याने फोन उचलून "बोला" म्हणेपर्यंत मामांनी मोबाईल कानाला धरून ठेवला.