माझ्या वर्तणुकीचा दाखला

भाड्याने घर मागणाऱ्या माणसाची फाइल किती जाड असावी, याला नाशकात आता काही मर्यादा राहिलेली नाही. आधार, पॅन, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, पोलीस पडताळणीचा अर्ज, ओळखीच्या दोन सभ्य माणसांचे फोन नंबर. लग्न झालेलं असेल तर त्याचा दाखला. माझं झालेलं नाही, तर एजंट म्हणाला, तसं एका कागदावर लिहून द्या. म्हणजे न झालेल्या गोष्टीचाही कागद मी जोडला. कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे तो शुद्ध तरी होता.

हे सगळं मी मुकाट्याने जमवलं, कारण घर हवं होतं. गंगापूर रोडच्या बाजूला, तळमजल्यावर, आईच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आम्ही दोघी सिन्नरला भावाकडे राहत होतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आठवड्यातून तीनदा आईला खाली उतरवायचं, नाशिकला न्यायचं, आणि तिथे मोकळा करून घेतलेला गुडघा परत आल्यावर जिन्यात आखडून घ्यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर पाय सरळ व्हायचा नाही.

घरमालक पुण्याला होते आणि त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: सोसायटीची हरकत नसेल तर माझीही नाही. सोसायटीच्या फॉर्मवर दुसऱ्या पानावर प्रश्न होता: 'यापूर्वी आपणांस घर रिकामे करावयास लावले आहे काय? असल्यास कारण.' आणि त्याखाली: 'मागील घरमालकाचा वर्तणुकीचा दाखला जोडणे.'

"मॅडम, 'नाही' लिहून टाका," एजंट म्हणाला. "कोण बघायला बसलंय?"

"आणि दाखला?"

"तो मात्र लागतो. तो बघतात."

मला घर रिकामं करायला लावलं होतं. कारण लिहायला फॉर्मवर दीड ओळ होती. खरं कारण एका फ्लेक्सचं होतं.

आमचे नाशकातलेच आधीचे घरमालक आम्ही राहत होतो त्या इमारतीचे चेअरमन होते, आणि निवडणुका जवळ आल्या की 'भावी' होत असत. त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या हितचिंतकांनी, म्हणजे त्यांनीच, इमारतीच्या दर्शनी बाजूला दोन मजले उंच फ्लेक्स लावला. त्यात ते मोबाइलवर बोलत होते. त्यांचा तो मोबाइल धरलेला हात नेमका आईच्या खोलीच्या खिडकीवर आला. आई तेव्हा दिवसाचा बराच वेळ अंथरुणावर असायची. वाढदिवस झाला, आठवडा झाला, तीन आठवडे झाले. आई दुपारी बारा वाजता दिवा लावून पेपर वाचत होती. दोनदा फोन केला, एकदा जाऊन सांगितलं. "काढू ना मॅडम, घाई काय आहे," असं उत्तर मिळालं. शेवटी एका रविवारी मी खिडकीबाहेर हात घालून खालच्या दोन दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सवरचा तो हात वर गुंडाळून बांधून ठेवला. फाडला नाही. पण चेअरमन लुळे दिसू लागले, हे मान्य करते.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर निरोप आला: 'महिनाअखेर फ्लॅट खाली करावा.' कराराचे चार महिने शिल्लक होते. मी ते कळवलं, तर दुसऱ्या दिवशी आमच्या नळाचं पाणी बंद. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला घेऊन माणूस कोरड्या घरात किती दिवस कायदा सांगणार? आठव्या दिवशी टेम्पो बोलावला.

आता याच गृहस्थांकडून मी सद्वर्तनी असल्याचं लिहून आणायचं होतं.

गेले. ते आपल्या संपर्क कार्यालयात बसले होते. मागे भिंतीवर त्यांचाच फोटो, त्यामुळे दोघांशी बोलल्यासारखं वाटत होतं.

"या मॅडम! आई कशा आहेत?"

पाणी तोडणाऱ्या माणसाने आईची चौकशी करावी आणि आपण "बऱ्या आहेत" म्हणावं, इतके आपण सुसंस्कृत असतो.

"दाखला ना? देऊ की. आपण कुणाला नाही म्हणत नाही. तुम्ही असं करा, मजकूर तुम्हीच लिहून आणा. तुमचं मराठी चांगलं. आपण सही ठोकतो."

आपल्याकडचे दाखले असेच निघतात. ज्याला पाहिजे त्याने आपलं कौतुक लिहायचं आणि मोठ्या माणसाने खाली सही करायची. त्यांनी लेटरहेड दिलं. वरच्या निम्म्या भागात त्यांचा फोटो, पाच पदं आणि दोन महापुरुष. उरलेल्यात माझी वर्तणूक मावायची होती.

सिन्नरच्या बसमध्ये मी मनात बरेच मसुदे केले. 'मनमिळाऊ, शांत व सहकार्य करणाऱ्या' हे शब्द सुचले आणि किळस आली. यांच्या तोंडून माझी स्तुती, तीही मीच लिहायची? शेवटी लिहिलं ते असं: 'सदर भाडेकरू आपल्या आईसह माझ्या घरी राहत होत्या. त्यांच्या खिडकीवर आलेला माझ्या वाढदिवसाचा फलक त्यांनी बाजूला केला, म्हणून मी पाणी बंद करून त्यांना घर रिकामे करावयास लावले. याखेरीज त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.'

वाचून ते लाजतील, निदान चिडतील, आणि मला दोन वाक्यं ऐकवता येतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी ओठ हलवत पूर्ण वाचलं. मग मान डोलावली.

"बरोबर लिहिलंय. कळू दे लोकांना, फ्लेक्सला हात लावला की काय होतं ते." आणि सही ठोकली. शिक्का मजकुरापेक्षा मोठा होता.

मी कागद घेऊन बाहेर आले. कबुलीजबाब म्हणून लिहिलेला कागद त्या माणसाने प्रशस्तिपत्र म्हणून वाचला होता. आणि माझ्या मराठीने त्याला काही झालं नव्हतं.

नव्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दाखला दोनदा वाचला. पाण्याच्या शब्दावर त्यांची नजर थांबली नाही. फलकावर थांबली.

"आमच्याकडे गणपतीत फ्लेक्स लागतात, मॅडम. कमिटीचे फोटो असतात. तुम्ही मग..."

"खिडकीवर लावता का?"

"जागा मिळेल तिथे."

त्यांनी फॉर्मला जोडलेल्या हमीपत्राच्या शेवटी पेनाने एक कलम वाढवलं: 'भाडेकरू इमारतीवरील कोणत्याही फलकास हात लावणार नाही.' आणि पेन माझ्यापुढे केलं.

पाणी तोडणाऱ्याकडून कुणी हमी मागितली नव्हती. मला फाइल उचलून निघून यावंसं वाटलं. पण आई बाहेर रिक्षात पाय लांब करून बसली होती. दवाखान्यातून तशीच आणली होती तिला. सिन्नरचा जिना संध्याकाळी होताच.

मी सही केली. मग त्याच पेनाने खाली लिहिलं: 'सोसायटी भाडेकरूच्या खिडकीवर कोणताही फलक लावणार नाही.'

"असं कलम नसतं," सेक्रेटरी म्हणाले.

"वरचं असतं?"

त्यांनी पेन परत घेतलं. खाडाखोड केली असती तर फॉर्म नवा घ्यावा लागला असता, आणि फॉर्म संपले होते, हे ते मघाशीच म्हणाले होते. त्यांनी सही केली.

हमीपत्राची झेरॉक्स मी नव्या घरात आईच्या खिडकीशेजारी चिकटवली आहे. आई तिथे बसून गुडघ्याचे व्यायाम करते. आलेला-गेलेला विचारतो, हे काय? मी सांगते, या खिडकीत ऊन येण्याची परवानगी. लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.