चंद्रामावशीचे शेवटचे तीनशे

सांगलीत कॉलेजला असताना विश्रामबागेत चंद्रामावशीच्या खानावळीत जेवायला लागलो, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला माझं नाव कुणी विचारलं नाही. मावशी माणसं गावावरून ओळखायची. मी शिरवळचा, म्हणून ‘शिरवळ’. माझ्या डाव्या हाताला ‘जत’ बसायचा, उजव्या हाताला ‘विटा’ आणि समोर कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा ‘तासगाव’. “ए विटा, जतकडं भाकरी सरकीव,” असं मावशी म्हणाली की नवख्याला वाटायचं, इथं जेवण चाललंय का जिल्ह्याची वाटणी.

साल त्र्याहत्तर. दुष्काळ सरला होता, महागाई सरली नव्हती. मावशीचा दर महिना पंचावन्न रुपये होता आणि तो आसपासच्या सगळ्या खानावळींत कमी होता. म्हणून तर आम्ही चौदा जण तिथं. चवीसाठी आलोय असं म्हणणारा एकही नव्हता.

मावशी तिशी ओलांडलेली, उंच, काटकुळी. कपाळाला कुंकू होतं आणि गळ्यात काही नव्हतं. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावर आमच्यात पुष्कळ विचारमंथन झालं. जतचं म्हणणं, नवरा परागंदा असावा. विट्याचं म्हणणं, मंगळसूत्र गहाण असावं. विचारायचं धाडस मात्र कुणाला नव्हतं, कारण मावशीच्या हातात बहुधा उलथनं असायचं.

तिची पैशाची रीत अशी. एक तारखेला आमचे पैसे आले की आधी पंचवीस रुपये बाजूला काढायचे, पदराला गाठ मारायची आणि तडक चौकातल्या चांदसाहेबाच्या सायकलच्या दुकानात नेऊन द्यायचे. मग खोल्यांचं भाडं. मग ज्वारी, डाळ, तेल, जळण. सगळं रोख. सगळं वजा जाऊन उरायचं ते आमच्या ताटात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात आमटीत डाळ दिसायची, दुसऱ्यात शोधावी लागायची आणि पंचवीस तारखेनंतर वाटीत नुसती कृष्णामाई वाहायची. एकदा महिनाअखेरीला मीठ संपलं. कोपऱ्यावरचा दुकानदार बिचारा स्वतः म्हणाला, न्या की, पैसे पुढच्या महिन्यात द्या. मावशीनं नेलं नाही. दोन दिवस आम्ही अळणी जेवलो. विटा म्हणाला, “मावशी, आठ आण्याचं मीठ आणलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“एक देनं डोक्यावर असताना दुसरं करू नये बाबा,” ती म्हणाली. “लोनचं घे.”

म्हणजे देणं होतं. कुणाचं, ते मला चांदसाहेबाकडून कळलं. तो तासाच्या हिशेबानं सायकली भाड्यानं द्यायचा. आठ सायकली, त्यातल्या सहा चालायच्या. तो मावशीच्या माहेरच्या गावचा, मिरजेच्या पूर्वेकडला, तिला आक्का म्हणायचा. मी शिरवळचा आहे हे ऐकल्यावर त्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली आणि मला नीट बघून घेतलं. आक्काचं सासर शिरवळपासून दोन कोसांवर होतं.

मावशीचा नवरा हंबीरराव पलटणीत नायक होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूलबाळ नव्हतं. एका रजेला तो आला तो बरोबर दुसरी बायको घेऊनच. गावाचं म्हणणं पडलं, घर मोठं आहे, दोघी राहा, दोघी खा. मावशी म्हणाली, मला काडीमोड पाहिजे. सख्ख्या भावानं, अर्जुनानं, कळवलं की नांदायचं सोडून आलीस तर माझ्या दारात येऊ नको. तेव्हा पंचांसमोर उभं राहायला तिच्याबरोबर गेला तो चांदसाहेब. पंचांनी विचारलं, तू हिचा कोण? तो म्हणाला, गावची लेक आहे, आणखी काय असायला पाहिजे?

त्या भागातली जुनी चाल अशी की काडीमोड जो मागेल त्यानं समोरच्याचा लग्नाचा खर्च फेडायचा. नवऱ्यानं मागितली तर नवऱ्यानं, बायकोनं मागितली तर बायकोनं. दुसरी बायको आणणाऱ्यानं काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे तो मोकळा. प्रमुख पंच लालासाहेबतात्या. त्यांनी खर्चाची याद वाचली ती चौदाशेवर गेली. मावशी म्हणे प्रत्येक कलमाला अडवत होती. वाजंत्रीचे दीडशे आल्यावर ती म्हणाली, “वाजंत्री तुमी तुमच्या हौसेनं लावली. मी काय नाचले न्हाई.” वाजंत्री कमी झाली. नवरीला न्यायला आलेल्या मुराळ्याचा फेटा कमी झाला. शेवटी बाराशेवर येऊन ठरलं. दर साल तीनशे, चैत्रातल्या यात्रेच्या आत, अशी चार सालं. काडी मोडली. कागदावर चांदसाहेबानं जामीन म्हणून सही केली आणि खाली लिहिलं गेलं की बाई चुकली तर याच्या सायकली.

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली की,” चांदसाहेब म्हणाला. “पर सही करून झाल्यावर वाटली.”

महिन्याचे पंचवीस, वर्षाचे तीनशे. आम्ही चौदा जण रोज दोन वेळा पातळ आमटी पिऊन एका बाईची काडीमोड फेडत होतो आणि वर आम्हालाच वाटत होतं की आम्ही तिच्यावर उपकार करतोय.

पहिले दोन हप्ते चांदसाहेब स्वतः देऊन आला होता. पण त्याला तीन दिवस दुकान बंद ठेवावं लागायचं. चौऱ्याहत्तरच्या चैत्रात ते काम माझ्याकडं आलं, कारण मला घरी जायचंच होतं. तीनशे रुपये बनियनच्या आतल्या खिशात शिवून घेतले, एसटीत डोळा लागू दिला नाही आणि लालासाहेबतात्यांच्या हातात दिले. त्यांनी कागदावर नोंद केली, मला चहा दिला. फार सोपं काम. मला वाटायला लागलं, व्यवहारात आपल्याला गती आहे.

पंचाहत्तरच्या चैत्रात शेवटचे तीनशे घेऊन गेलो तेव्हा ही गतीच आडवी आली.

तात्यांच्या ओसरीवर हंबीरराव बसला होता. पेन्शनीवर आलेला, जाड मिशा, बोलणं हळू. मी मनात त्याचा जो राक्षस करून ठेवला होता, त्याच्याशी हे काही जुळेना. त्यानं मला बसायला घोंगडं दिलं, सांगलीत पाऊसपाणी कसं ते विचारलं. मग म्हणाला, “ती कशी हाय?” मी म्हणालो, बरी आहे. मी पैसे काढले. त्यानं ते बघितले. एकाच्या, दोनच्या, पाचच्या मळक्या नोटा, त्यांच्याभोवती सुताचा दोरा. त्यानं ती पुरचुंडी माझ्याकडं परत सरकवली.

“ऱ्हाऊ देत,” तो म्हणाला. “नऊशे दिलं तिनं, लय झालं. हे मी सोडलं, म्हणून सांग तिला.”

तात्या म्हणाले, व्वा. म्हणाले, यात्रेत चार माणसांत सांगू या, लोकांना कळू दे, मोठं मन आहे. मला तर भरून आलं. इतिहासाच्या पुस्तकात तह होतात तसा हा तह माझ्या मध्यस्थीनं झाला होता. मी हंबीररावाचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “बरं.”

घरी आईनं पुरणाचा घाट घातला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीची एसटी धरली. पुरणपोळी सोडून परत जाणारा मुलगा तिनं पहिल्यांदाच पाहिला असेल. पण मला मावशीचा चेहरा बघायचा होता. तीनशे रुपये म्हणजे किती दिवसांची डाळ, याचा हिशेब मी कऱ्हाडपर्यंत करत होतो.

मावशी पीठ मळत होती. चांदसाहेबही हवेचा पंप घेऊन दारात टेकला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, हंबीररावाच्या हळू आवाजासकट. पैशांची पुरचुंडी परातीशेजारी ठेवली. मावशीचा हात पिठात तसाच राहिला.

“आनि तू काय म्हनलास?”

“मी म्हणालो, बरं.”

“तू कोन रं, बरं म्हननारा?”

मी म्हणालो, मावशी, पैसे वाचले की. तिनं हातावरचं पीठ एकेक बोट करून खरवडलं. तिचा राग मला ओळखीचा होता, तो मोठ्या आवाजाचा असायचा. हा आवाज खाली होता.

“यात्रेत चार मानसांत काय सांगनार त्यो? ‘सोडलं मी तिला’ असं सांगनार. तिला लय जड जात व्हतं, मीच सांभाळून घेतलं, असं सांगनार. दर साल यात्रा येनार, दर साल सांगनार. बाराशेतलं नऊशे फेडून मी त्याच्या उपकारातच ऱ्हानार व्हय? मग घरातच ऱ्हायले असते की, दोन येळचं खाऊन.”

मी चांदसाहेबाकडं बघितलं. वाटलं, सायकली सुटल्याचा आनंद तरी याला झाला असेल. तो म्हणाला, “आक्काचं बरोबर हाय गड्या. कागदावर माझी सही बाराशेला हाय.”

यात्रा दुसऱ्या दिवशीच होती. मावशीनं रात्रीच्या भाकरी थापल्या, उद्यासाठी शेजारणीला स्वयंपाकाला सांगितलं आणि पहाटे माझ्या खोलीवर येऊन मला उठवलं. एसटीत ती खिडकीशी बसली. कंडक्टर आला तेव्हा म्हणाली, “चूक तुजी, तिकीट तुजं.” मी दोन्ही तिकिटं काढली.

आम्ही पोचलो तेव्हा देवळापुढच्या पारावर मंडळी जमली होती. कुस्त्यांना वेळ होता, म्हणून लोक रिकामेच होते. मावशीला बघून कुजबुज झाली. चार वर्षांनी ती त्या गावात पाऊल टाकत होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, तात्यांना वाकून नमस्कार केला आणि पुरचुंडी त्यांच्यासमोर ठेवली.

“पोरी, त्यानं सोडलेत ते,” तात्या हसून म्हणाले.

“आवं तात्या, त्यानं सोडलं, पर मी कुटं सोडलं?” ती म्हणाली. “बाराशे तुमीच लिवलं. नऊशेला बाराशे कोन म्हनतंय?”

हंबीरराव पुढं आला. माझ्याकडं त्यानं असं बघितलं की मी एका जाड माणसाच्या मागं सरकलो. पण तो चिडला नव्हता. खाली बघत म्हणाला, “मी बऱ्या मनानं सोडलंवतं.” मला अजून वाटतं, ते खरं असावं. त्या गावात बऱ्या मनानं दिलेली गोष्टसुद्धा चार माणसांत सांगितल्याशिवाय पुरी होत नाही, एवढाच त्यातला दोष.

“आसंल,” मावशी म्हणाली. “पर मोजून घ्या. मोजल्याबिगर मी हितनं उठनार न्हाई.”

आणि ती खाली बसली. हंबीररावानं दोरा सोडला. एकाच्या नोटाच फार होत्या, त्याला वेळ लागला. मध्येच त्याचा आकडा चुकला, त्यानं पहिल्यापासून धरलं. कुणी हसलं नाही. मोजून झाल्यावर तो म्हणाला, बराबर हाय. तात्यांनी कागद मागवला, चष्मा शोधला, ‘फिटले’ असं लिहायला गेले, तर मावशीनं थांबवलं.

“आदी चांदसाहेबाच्या नावावर काट मारा. मग माज्या.”

तात्यांनी काट मारली. कुणीतरी तिला यात्रेचं जेवून जा म्हणालं. ती जेवली. भरपूर जेवली, शेजारच्या बाईकडून आमटी दोनदा मागून घेतली आणि उठताना यात्रेच्या वर्गणीचा एक रुपया तात्यांच्या हातावर ठेवला. त्याची पावतीही मागितली. परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत ती भिंतीला टेकावं तशी माझ्या खांद्याला टेकून झोपली होती. सांगली आल्यावर म्हणाली, “शिरवळ, तुजा खांदा लय हाडाचा हाय. जेवत जा जरा.” जेवण तिच्याकडंच होतं, हे मी बोललो नाही.

आमचा अंदाज असा होता की आता महिन्याचे पंचवीस रुपये सुटले, म्हणजे महिनाअखेरची दैना संपणार. जतनं तर कांदाभजीची मागणी तयार ठेवली होती. एक तारखेला मावशी चुलीपाशी उभी राहिली, सगळ्यांची तोंडं ताटावरून वर येईपर्यंत थांबली आणि म्हणाली, आजपासून दर साठ रुपये.

गलका झाला. विटा म्हणाला, मावशी, चार वर्षं वाढवला नाहीत, दुष्काळातसुद्धा नाही, आणि देणं फिटल्यावर वाढवता?

“तवा भ्या वाटायचं,” ती म्हणाली. “एक पोर जरी दुसरीकडं गेलं असतं, तरी हप्ता बुडाला असता. म्हनून तुमचं सगळं ऐकत आले. आता ज्याला परवडत न्हाई त्यानं जावं. मी काय कुनाला धरून ठेवत न्हाई.”

जत आणि आणखी एक जण खरंच गेले. मावशीनं त्यांची ताटं घासून फळीवर पालथी घातली आणि दोन दिवसांनी त्या जागी कुपवाडचे दोन नवे कामगार बसवले. आठ दिवसांनी जत परत आला. त्याला तिनं साठ रुपये आगाऊ घेऊन मागच्या पंगतीला बसवलं.

मी गेलोच नाही. पण वाढीव पाच रुपये घरून मागवायचे तर वडिलांना पत्रात काहीतरी कारण लिहायला हवं होतं. खरं कारण दोन पानांत बसेना आणि बसलं असतं तरी त्यांना पटलं नसतं. शेवटी मी ‘महागाई’ असं लिहिलं आणि पत्र पेटीत टाकलं.